घरी कोथिंबीर येत नाही? मग सुरुवात गवती चहापासून करा

मे २०२४ मधली गोष्ट. मुंबईतल्या एका तरुणाने एक्सवर लिहिलं की, ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे द्यावे लागतात हे पाहून आईला धक्काच बसलाय. भाजी घेतली की कोथिंबीर फुकट मिळायला पाहिजे, असं आईचं म्हणणं. पोस्ट व्हायरल झाली, ती कंपनीच्या प्रमुखांपर्यंत पोहोचली आणि ठरावीक भाज्यांच्या ऑर्डरवर कोथिंबीर खरंच मोफत मिळायला लागली.

आईंचा मुद्दा प्रत्येक मराठी घराला पटणारा होता. कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा या गोष्टी आपल्याकडे 'विकत आणायच्या' यादीत कधी नव्हत्याच. त्या भाजीवाल्याच्या पिशवीतून वरून पडायच्या, नाहीतर परसातून तोडून आणल्या जायच्या. आता परस गेलं, गॅलरी आली. मग एखाद्या रविवारी रील बघून आपण कुंडी आणतो, त्यात धने टाकतो, रोज पाणी घालतो. पंधरा दिवसांनी चार काड्या वर येतात, महिन्याभरात त्या पिवळ्या पडतात आणि आपण जाहीर करतो, "आमच्या हाताला काही लागत नाही."

गडबड हाताची नसते, क्रमाची असते. कुंडीत वाढवायच्या स्वयंपाकाच्या पानांमध्ये कोथिंबीर ही सगळ्यात नखरेल. आपण नेमकी तिच्यापासून सुरुवात करतो. क्रम उलटा केला, म्हणजे सोप्यापासून अवघडाकडे गेलो, तर बहुतेकांची गॅलरी हिरवी होते. तो क्रम काय आणि त्यामागचं कारण काय, ते बघू.

आधी गॅलरी समजून घ्या

या बहुतेक झाडांना दिवसाचे चार-पाच तास तरी ऊन लागतं. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन मिळतं, ते जवळपास सगळ्यांना चालतं. पश्चिमेचं दुपारचं ऊन कडक असतं. एप्रिल-मे मध्ये तिथे पुदिना आणि कोथिंबीर करपतात. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात भरपूर ऊन येतं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो.

उत्तरेची गॅलरी अवघड. मेच्या मध्यात मुंबई-पुण्यात 'शून्य सावली दिवस' असल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला राहतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीला ऊन मिळण्याचे हेच काय ते दिवस आणि त्यातले बरेचसे ढगांमध्ये जातात. तुमची गॅलरी उत्तरेची असेल तर पुदिना आणि पानओवा यांच्यावर समाधान मानावं. ते कमी उन्हात तग धरतात.

माती साधी ठेवा. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाडसर वाळू. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की तडकते, म्हणून तिच्यात वाळू थोडी जास्त घाला. कोकणातल्या तांबड्या मातीतून पाणी पटकन निघून जातं, तिथे खत आणि कोकोपीट वाढवा. कुंडीच्या तळाला भोक असलंच पाहिजे. सुंदर दिसणाऱ्या पण भोक नसलेल्या कुंडीत झाडं कुजतात.

पाण्याचा नियम एकच. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. आत ओल लागली तर आज पाणी नको. कुंडीतली झाडं तहानेने जितकी मरतात, त्यापेक्षा जास्त आपल्या मायेने मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि सतत चिंब मातीत हवेला जागाच उरत नाही.

पहिला नंबर : गवती चहा

कोकणात याला पातीचा चहा म्हणतात. हे मुळात गवत आहे, त्यामुळे गवताचा चिवटपणा याच्यात पुरेपूर आहे. पानाला लिंबासारखा वास येतो तो त्यातल्या सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे.

हा बियांपासून लावत नाहीत. कोणाकडे गवती चहाचं ठोंब असेल तर त्यातून मुळांसकट दोन-तीन फुटवे मागून आणा. बाजारात मिळणाऱ्या जुडीत बहुतेक वेळा नुसती पाती असते, ती लावून काही उगवत नाही. बारा इंची कुंडीत फुटवे लावा, वरची लांब पाती अर्धी कापून टाका आणि ऊन लागेल अशा जागी ठेवा. जून महिना यासाठी उत्तम. पावसात ठोंब झपाट्याने भरतं.

पात काढताना ओढू नका, कात्रीने कापा. एक तर ठोंब उपटून येतं आणि दुसरं म्हणजे या पातीच्या कडा धारदार असतात, बोट कापतं. बुंध्याशी चार-पाच इंच ठेवून वरचं कापलं की पुन्हा फूट येते. दीड-दोन वर्षांनी कुंडी गच्च भरते, पाती बारीक होऊ लागतात. तेव्हा ठोंब बाहेर काढून त्याचे दोन-तीन भाग करा. एक आपल्याला, बाकीचे शेजाऱ्यांना.

दुसरा : पानओवा

जाड, मऊ लव असलेली, चुरगळली की ओव्याचा घमघमाट येणारी पानं. भज्यांसाठी आणि पोरांच्या सर्दी-खोकल्याच्या काढ्यासाठी ही घराघरात असतात. पण गंमत अशी की हे ओव्याचं झाडच नाही. आपण फोडणीत टाकतो तो ओवा गाजर-कोथिंबिरीच्या कुळातला, एका हंगामात संपणारा. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला आणि वर्षानुवर्षं टिकणारा. दोघांचा वास मिळताजुळता, एवढंच नातं. त्यामुळे पानओव्याच्या कुंडीत ओव्याचे दाणे कधी येतील याची वाट बघत बसू नका.

वीतभर फांदी तोडा, खालची पानं काढा, मातीत खोचा. बस. दोन-तीन आठवड्यांत ती धरते. पानं मांसल आहेत म्हणजे झाड पाणी साठवून ठेवतं. म्हणून याला इतरांपेक्षा कमी पाणी द्या. पानओवा मेला असं कोणी म्हणालं तर दहातल्या नऊ वेळा तो पाण्याने कुजलेला असतो. पावसाळ्यात कुंडी थेट धारेखाली ठेवू नका. अधूनमधून शेंडे खुडत राहा, नाहीतर झाड लांबट होऊन कुंडीबाहेर लोळायला लागतं.

तिसरा : पुदिना

यासाठी नर्सरीत जायची गरज नाही. बाजारातल्या जुडीतल्या चार-पाच जाड, ताज्या काड्या निवडा. खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात उभ्या करा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसू लागली की कुंडीत लावा.

पुदिना खोल जात नाही, पसरतो. त्याची धावती खोडं मातीलगत पळतात आणि जिथे टेकतात तिथे मुळं धरतात. म्हणून त्याला खोल कुंडीपेक्षा पसरट टब किंवा भाजीचा जुना क्रेट चांगला. दुसऱ्या झाडाच्या कुंडीत मात्र लावू नका, तो सगळी जागा बळकावतो. याला ओल आवडते आणि दुपारची सावली लागते.

वर्षभराने पुदिना विरळ होतो, मधली खोडं लाकडासारखी होतात, पानं बारीक येतात. झाड म्हातारं झालंय असं समजून फेकू नका. कोवळे शेंडे कापून नव्या मातीत पुन्हा लावा. पानांच्या मागच्या बाजूला तांबूस-नारिंगी पुरळ दिसला तर तो तांबेरा. तेवढा भाग कापून कचऱ्यात टाका आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला.

चौथा : कढीपत्ता, थोडा धीर लागतो

हे झुडूप नाही, झाड आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी याच्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. बाजारातल्या कढीपत्त्याची काडी मातीत खोचून झाड होईल ही आशा सोडा, ती फारच क्वचित लागते. नर्सरीतून रोप आणा, नाहीतर मोठ्या झाडाच्या बुंध्याशी मुळातून फुटलेलं पिल्लू मुळासकट काढून लावा. बियांपासून करायचं तर पिकून काळी झालेली फळं घ्या, गर धुऊन काढा आणि लगेच पेरा. सुकवून ठेवलेल्या बिया लवकर निकामी होतात.

रोप गुडघ्याएवढं झालं की मधला शेंडा खुडा. मन धजावत नाही, पण खुडल्याशिवाय बाजूच्या फांद्या फुटत नाहीत आणि एकच उंच काठी वाढत राहते. पानं तोडतानाही एकेक टिकली ओरबाडू नका. पूर्ण डहाळी देठापासून काढा, म्हणजे तिथे नवी फूट येते.

हिवाळ्यात कढीपत्त्याची वाढ थांबते, काही पानं पिवळी होऊन गळतात. हे नैसर्गिक आहे. घाबरून खत आणि पाणी वाढवलं तर मात्र मुळं कुजतात. फेब्रुवारीत ऊन वाढलं की हलकी छाटणी करून मूठभर शेणखत द्या, पालवी येते. आंबट ताक घालायची पद्धत अनेक घरांत आहे. भरपूर पाणी घालून कधीतरी दिलेलं ताक झाडाला त्रास देत नाही, पण ते खताची जागा घेऊ शकत नाही. घट्ट ताक ओतलं तर मुंग्या आणि वास, दोन्हींची सोय होते.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर झटकण्याआधी नीट बघा. लिंबावर येणारी फुलपाखरं कढीपत्त्यावरही अंडी घालतात, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. त्यांच्या लहान अळ्या तशाच दिसतात, पुढे त्या हिरव्या होतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन याच गोतावळ्यातलं. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्या राहू द्या. लहान रोप मात्र त्या दोन दिवसांत फस्त करतात, तिथे त्या उचलून दूर ठेवाव्या लागतात.

कढीपत्ता कुठे लावू नये?

एकाच कुळातलं असण्याची दुसरी बाजू गंभीर आहे. सिट्रस सायला नावाचा अगदी छोटा किडा संत्रा-मोसंबी-लिंबाच्या कोवळ्या पालवीतला रस शोषतो आणि 'ग्रीनिंग' हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. कढीपत्ता या रोगाने स्वतः आजारी पडत नाही, पण त्याची कोवळी पालवी या किड्याला फार आवडते, त्यामुळे तिथे त्याची वस्ती वाढते. म्हणूनच संत्रा-मोसंबीच्या बागेच्या बांधावर कढीपत्ता ठेवू नये, असं सांगितलं जातं. नागपूर-अमरावतीकडे किंवा जालना-छत्रपती संभाजीनगरच्या मोसंबी पट्ट्यात तुमचं घर बागेला लागून असेल, तर हा सल्ला थट्टेवारी नेऊ नका.

अमेरिकेत याची किंमत मोठी मोजावी लागली. फ्लोरिडात हा किडा १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये आढळला. त्यानंतरच्या दोन दशकांत ग्रीनिंग आणि चक्रीवादळं यांच्या माऱ्याने तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून जास्त घसरलं. अमेरिकेतल्या लेकीसाठी आईने बॅगेत ठेवलेला ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात, तो याच कारणाने.

आणि शेवटी कोथिंबीर

इथपर्यंतची झाडं हाताला लागली की मग कोथिंबिरीकडे वळा. तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात.

आपण ज्याला धन्याचा दाणा म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून धने पेरण्याआधी लाटण्याने किंवा चपलेने हलके रगडून त्याचे दोन भाग करायची जुनी पद्धत आहे. भुगा करायचा नाही, नुसतं फोडायचं. मग रात्रभर पाण्यात भिजवा आणि बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोलीवर पेरा. स्वयंपाकघरातले धने भाजलेले नसतील आणि फार जुने नसतील तर तेही उगवतात. मुखवासाची धनाडाळ मात्र उगवणार नाही.

अंकुर यायला आठ ते पंधरा दिवस लागतात. इथे अनेकांचा धीर सुटतो आणि ते माती उकरून बघतात. तसं करू नका. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जाणारं असतं, ते दुखावलेलं तिला सहन होत नाही. म्हणून रोप एका कुंडीतून दुसरीत हलवायचंही नाही. जिथे पेरली तिथेच वाढवायची. साधारण दीड महिन्यात ती कापायला येते.

उन्हाळ्यात हीच कोथिंबीर आपल्याला फसवते. उष्णता वाढली की तिला वाटतं आपला काळ संपला. ती घाईने उंच होते, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि पांढरी फुलं येतात. हे तुमचं अपयश नाही, तो तिचा स्वभाव आहे. पावसाळ्यात कथा वेगळी. मुसळधार पावसाने नाजूक रोपं आडवी होतात आणि कुजतात. शेतातही हेच घडतं, म्हणून पावसाळ्यात जुडीचे भाव चढल्याच्या बातम्या येतात. नाशिकच्या शेतकऱ्याला जे जमवताना नाकी नऊ येतात, ते आपल्याला चौथ्या मजल्यावर एका कुंडीत जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नये.

हिशोबही प्रामाणिकपणे करू. एका कुंडीतून कोथिंबीर निघते ती फार तर एखाद्या जुडीएवढी. सतत हवी असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या कुंडीत पेरावी लागते. तेव्हा कोथिंबीर पैसे वाचवायला नाही, ताज्या वासासाठी लावायची. घरखर्चात खरा फरक पडतो तो गवती चहा, पुदिना आणि कढीपत्त्याने, कारण ते एकदा लावले की पुन्हा पुन्हा देत राहतात.

तीन गोष्टी विसरू नका

पहिली, नर्सरीतून आणलेलं रोप लगेच खायला घेऊ नका. त्यावर काय फवारलंय हे आपल्याला माहीत नसतं. असलेली पानं काढून टाका, नवी पालवी येऊ द्या आणि मग वापरा.

दुसरी, मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. त्यानंतर काही दिवस पानं तोडू नका आणि वापरताना स्वच्छ धुवा.

तिसरी, कुंडीखालची ताटली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासून कोरडी करा. आत चिकटलेली अंडी नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत. पुदिन्याच्या ग्लासालाही हाच नियम. आणि कुंड्या कठड्यावर ठेवू नका, आतल्या बाजूला ठेवा. खालून माणसं जातात.

मग सुरुवात कधी?

जूनमध्ये गवती चहा, पानओवा आणि कढीपत्ता लावा. पावसाचा जोर ओसरला की पुदिना लावा. दिवाळीच्या आसपास धने पेरा. उन्हाळ्यात नवीन काही लावू नका, आहे ते जगवा. भर दुपारी पाणी न घालता सकाळी लवकर घाला.

या आठवड्यात एकच काम करा. ओळखीत कोणाकडे गवती चहाचं ठोंब आहे ते विचारा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंत तर कोणीतरी निघेलच, कारण ठोंब ज्याच्याकडे आहे त्याला ते दरवर्षी वाटावंच लागतं.